साक्षीचा शेवट

बुटाच्या खोक्यातून नववी चिठ्ठी निघेपर्यंत त्रिंबक साळवे सरांचा दिवस बरा चालला होता. खोक्याला वरून भोक पाडून, सोनेरी कागद चिकटवून त्यावर 'प्रश्नपेटी' असं लिहिलं होतं. ख्रिस्ती लेखकांच्या शिबिरात अशी पेटी ठेवायची ही सरांचीच पद्धत, कारण आपल्या लोकांना उभं राहून प्रश्न विचारा म्हटलं की ते प्रश्न विचारत नाहीत, प्रार्थना करतात. आठ चिठ्ठ्या निकालात निघाल्या होत्या. नाताळ अंकाचा मजकूर केव्हा पाठवावा? सप्टेंबरात, डिसेंबरात पोचलेल्या मेंढपाळांना वर्षभर संपादकाच्या कपाटात मुक्काम करावा लागतो. पवित्र आत्म्यानं लिहून घेतलेल्या मजकुरात संपादकानं दुरुस्ती करावी का? करावी, आत्म्याचं शुद्धलेखन उत्तमच असणार, पण लिहिणाऱ्याचं काय. लोक हसले होते, पहिल्या बाकावरचे तरुण पाळकसाहेब जरा उशिरा हसले होते. मग नववी. 'दुसऱ्याच्या साक्षीत संपादकाने स्वतःचे वाक्य घालावे का?' अक्षर गोल, नीट, निळ्या शाईचं. सरांनी चिठ्ठी मनातल्या मनात वाचली, पुन्हा घडी घातली, शर्टाच्या खिशात टाकली, "हा प्रश्न मघाशी येऊन गेला," असं म्हणाले आणि दहावी काढली. दहावीत मोबाइलवर मराठी टाइप कसं करायचं ते विचारलं होतं. त्यावर सर वीस मिनिटं बोलले. त्या विषयावर त्यांना दोन मिनिटांचीसुद्धा माहिती नव्हती.

बोलता बोलता ते समोरचे चेहरे न्याहाळत होते. घाटनांदूरपासून चार मैलांवरच्या वस्तीतलं हे चर्च, वर पत्रे, खाली सतरंज्या, मागं चार बाकं. एकतीस शिबिरार्थी. त्यात निवृत्त मास्तर, घरोघरी जाऊन बायबल वाचून दाखवणाऱ्या दोन बायबलबाया, भजनं रचणारा एक गवंडी, आणि बाकीचे असे की ज्यांच्या आयुष्यात काहीतरी घडलं होतं आणि ते सांगायला घरात कुणी मोकळं नव्हतं. लिहिणाऱ्यांची जात सगळीकडे एकच, असं सर नेहमी म्हणत. चिठ्ठी यांतल्या कुणाची? खिशातला कागदाचा तुकडा असून असून किती असणार, पण छातीशी काहीतरी कोपऱ्यानं टोचत होतं. सत्तावन्न वर्षांचा माणूस, अंबाजोगाईच्या कॉलेजात मराठीचा विभागप्रमुख. विभागात दोनच माणसं होती, त्यांतला दुसरा तासिका तत्त्वावर. त्रिंबक हे नाव ख्रिस्ती माणसाला शोभत नाही, असं आजवर तीन पाळकांनी त्यांना प्रेमानं सुचवलं होतं. आजोबांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा आजीनं म्हणे एकच अट घातली होती: देव बदला, नावं राहू द्या. आणि सव्वीस वर्षं सर 'मोहरीचा दाणा' नावाचं मासिक चालवत होते. दाण्याचं झाड होईल, पाखरं येऊन बसतील, अशा विश्वासानं नाव ठेवलं होतं. सव्वीस वर्षांनी दाणा होता तेवढाच होता, फक्त जुना झाला होता.

मासिकात 'लिहित्या हातांसाठी' हे त्यांचं सदर असे आणि लोक आधी तेच उघडत. बायबलची वचनं मिठासारखी वापरा, पोत्यानं ओतू नका. 'धन्य', 'गौरव' आणि 'अगम्य' हे तिघे एका पानावर भेटले तर दोघांना घरी पाठवा. लिहिलेलं मोठ्यानं वाचा, शक्यतो तुमच्यावर फारसं प्रेम नसलेल्या माणसापुढं. कागदाच्या एकाच बाजूला लिहा. प्रत स्वतःजवळ ठेवा, आलेलं साहित्य परत पाठवलं जात नाही. आपलं दुःख लहान आहे म्हणून लिहायचं टाळू नका. प्रभूनं मोठी दुःखं वेगळी आणि लहान वेगळी अशी प्रतवारी केलेली नाही. हे शेवटचं वाक्य वाचून कुठल्या कुठल्या वस्त्यांवरून लोक पत्रं पाठवत, धीर आला म्हणत. सरांना त्याचं समाधान वाटे, आणि समाधानाच्या तळाशी थोडा चोरटेपणा. दुसऱ्यांना लिहायचा धीर देणाऱ्या माणसाची स्वतःची कादंबरी एकशे बाराव्या पानावर सतरा वर्षं थांबलेली होती. तिथं नायक एका विहिरीच्या काठावर उभा होता आणि पुढं काय करावं हे त्यालाही सुचत नव्हतं.

त्यात आजच सकाळी, पहिल्याच तासाला, सरांनी आदर्श साक्षीच्या, म्हणजे प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं ते सांगणाऱ्या लेखाच्या, झेरॉक्स वाटल्या होत्या. कुठल्याही शिबिरात ते हीच वाटत. 'माझी साक्ष', लेखिका भिवराबाई पंडित गायकवाड. नवरा पंडित ऊसतोडीला गेला होता. भरलेल्या ट्रॉलीवर बसून कारखान्याकडे जाताना वळणावर ट्रॉली कलंडली आणि तो उसाखाली गेला. ट्रॅक्टर चालवणारा त्याचा धाकटा भाऊ उत्तरेश्वर, तोंडाला दारूचा वास. अडीच पानांची साक्ष, एकही वचन नाही, आणि शेवटी सुट्या ओळीत चारच शब्द: 'मी त्याला क्षमा केली.' सरांनी सकाळी खडूनं हे वाक्य फळ्यावर लिहून दाखवलं होतं. बघा, म्हणाले होते, एक विशेषण नाही, एक आसू नाही. अख्खं शास्त्र चार शब्दांत बसवलंय एका अडाणी म्हणवणाऱ्या बाईनं. वाक्य अजून फळ्यावर होतं. मोबाइलच्या टायपिंगवर बोलत सर डस्टर शोधत होते, आणि डस्टर पाळकसाहेबांच्या मांडीवर होतं.

ही साक्ष हाती आली त्या वेळी, एकोणीस वर्षांपूर्वी, अंबाजोगाईच्या घरात दुपारी ते पंख्याखाली बसले होते हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. पुनरुत्थान विशेषांक छापायला जायचा होता. भिवराबाईचं लिखाण म्हणजे वहीची फाडलेली अकरा पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली, समासात सुद्धा आडवं लिहिलेलं, म्हणजे सदरातला अगदी साधा सल्लाही तिनं धाब्यावर बसवलेला. पण वाचता वाचता सरांचा चहा निवला होता. कोयत्याची मूठ, पाचटाचा हाताला लागणारा काच, मेलेल्या माणसाच्या अंगाला येणारा उसाच्या रसाचा गोड वास. मरणाला गोड वास येतो हे त्यांनी कुठं वाचलं नव्हतं. त्यांनी शुद्धलेखन सुधारलं, लांबण काढली, अकरा पानांची अडीच केली. सगळं नीट चाललं आणि शेवट आला. शेवट नव्हताच. बाईनं लिहिलं होतं की उत्तरेश्वर दारात येतो, मी त्याला जेवायला वाढते, भाकरी वाढते, पण पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवत नाही. पाणी त्याचं त्यानं उठून घ्यायचं. इथं पान संपलं होतं. पुढचं पान पाकिटात राहिलं का म्हणून सरांनी पाकीट उलटं करून झटकलं. काही नव्हतं. साक्ष म्हणजे प्रवास, वाचकाला अर्ध्या वाटेत उतरवू नका, असं त्यांनीच सदरात दोन महिन्यांपूर्वी लिहिलं होतं. विशेषांक पुनरुत्थानाचा होता आणि बाई तांब्यापाशी अडून बसली होती. त्यांनी तांब्यावर रेघ मारली आणि खाली चार शब्द लिहिले. लिहिल्यावर अंगावर काटा आला होता. आयुष्यात त्यांना एवढं बरं वाक्य त्याआधी सुचलं नव्हतं आणि त्यानंतरही सुचलं नाही. आज फळ्याकडे बघताना त्यांना पहिल्यांदा वाटलं की बरं वाक्य ते नव्हतंच. बरं वाक्य तांब्याचं होतं. ते ओळखण्याइतका आपला कान तेव्हा तयार नव्हता, आणि तयार झाला तेव्हा आपण सल्ले देण्यात गुंतलो होतो.

साक्षीतली माणसं याच वस्तीतली होती, आणि जेवणाला उत्तरेश्वर स्वतः वाढत होता. पांढरं धोतर, पांढरी टोपी, आता चर्चच्या मंडळीचा पंच. सकाळी त्यानंच सरांच्या खांद्यावर शाल घातली होती आणि घालून झाल्यावर हात दोन क्षण खांद्यावर तसेच ठेवले होते. अंक निघाला त्या वर्षी इथल्या तेव्हाच्या पाळकांचं पत्र आलं होतं, आपल्या अंकामुळे हरवलेलं मेंढरू कळपात परतलं, असं. सरांनी ते वाचकांच्या पत्रांत छापलं होतं, चौकटीत. मात्र त्या पाळकांची चार आमंत्रणं त्यांनी कॉलेजच्या परीक्षांच्या नावावर टाळली. यंदाचं स्वीकारलं, कारण पाळक नवे होते आणि एकोणीस वर्षं म्हणजे काही थोडी नव्हेत. एवढ्या काळात माणसाला स्वतःचंच लिखाण ओळखू येत नाही, मग इतरांना कोण ओळखतंय. असा हिशेब. उत्तरेश्वर म्हणाला, "सर, काहीच खाइनात तुमी. आजून येक भाकर?" सरांनी ताटावर हात आडवा धरला.

हात धुवायला ते मागच्या नळावर गेले तर तिथं एक तरुणी उभी होती. तिसऱ्या रांगेतली, सकाळपासून वहीत लिहिणारी. तिनं नळ सोडला, सरांचे हात धुऊन होईस्तोवर थांबली, मग म्हणाली, मी वर्षाराणी, भिवराबाईची लेक; चिठ्ठी माझी होती. सर म्हणाले, अक्षर फार सुंदर आहे तुझं. म्हणून झाल्यावर त्यांना स्वतःचीच शरम वाटली, पण शब्द नळाच्या पाण्यासारखा गेलेला होता.

"सर, वाक्य तुमी लिव्हलं का मायनं?" ती म्हणाली. "खरं काय ते सांगा. मी भांडायला न्हाई आले."

सरांनी रुमाल काढला, एकेक बोट पुसलं. आई काय म्हणते, असं विचारलं. ती म्हणाली, माय म्हणते तिनंच लिहिलं. कुणीही विचारलं तरी तेच म्हणते, एकोणीस वर्षं तेच म्हणत आली. पण मायला मी ओळखते, 'क्षमा केली' हे तिचं बोलणंच नव्हे. आणि मग तिनं जे सांगितलं ते सर नळाच्या ओट्याला टेकून ऐकत राहिले. बाप गेल्यावर मंडळीनं ठरवलं होतं की भिवराबाई क्षमा करीपर्यंत उत्तरेश्वरनं प्रभुभोजनाला, म्हणजे मेजापाशी जाऊन प्रभूच्या नावानं भाकर आणि रसाचा प्याला घ्यायला, यायचं नाही. भाकर-प्याला आला की त्यानं बाहेर थांबायचं. अंक आला. पाळकांनी तो व्यासपीठावरून मोठ्यानं वाचला, लोक रडले, आणि त्याच रविवारी उत्तरेश्वर मेजापाशी गेला. त्याच रविवारी माय बाहेर आली. तेव्हा वर्षाराणी नऊ वर्षांची होती, तिचा हात धरून आली, म्हणाली पोरीला उन्ह लागलंय. पुढच्या महिन्यात चक्कर. त्याच्या पुढच्या महिन्यात चुलीवर दूध. दर महिन्याचा पहिला रविवार, प्याला निघायच्या आधीचं गीत सुरू झालं की माय उठणार, आणि लोकांना एवढी सवय झालेली की दाराशी बसलेली माणसं पाय आखडून वाट देतात. विचारलं तर म्हणायची, मला आंबट सोसत नाही. मनुका उकळून केलेला तो रस, त्यात आंबट काय असणार. मागच्या महिन्यात ताप भरला तेव्हा एकदाच बोलली: त्या मेजावर खोटं घेऊन कसं जायचं.

"उद्या पहिला रविवार हाय," वर्षाराणी म्हणाली. "तिला साठावं लागलं, सर. तिला येकदा तरी जायचंय. तुमी तिला सांगा की ते तुमचं हाय. म्या सांगून भागत न्हाई."

चारला अंबाजोगाईची जीप होती. जीप, तिची मागची सीट, घाटनांदूरच्या फाटकापाशी लागणारा वारा हे सगळं सरांच्या डोळ्यांपुढून गेलं. सव्वीस वर्षांत त्यांनी कितीजणांना सांगितलं असेल, ख्रिस्ती लेखकाजवळ दुसरं काही नसलं तरी चालेल, खरं बोलायचा धीर पाहिजे. सांगताना ते वाक्य किती सुरेख वाजायचं. समोर नळ ठिबकत होता. तो घट्ट बंद करायचा त्यांनी प्रयत्न केला, पण वायसरच गेलेलं होतं. मग ते म्हणाले, चल.

भिवराबाई ओसरीवर तुरी पाखडत होती. वाळकी, उंच बाई, नाकात चमकी नाही, गळ्यात काळ्या दोऱ्यात लाकडी क्रूस. तिनं सूप खाली ठेवलं, पदर नीट केला, "सलाम सर," म्हणाली, लेकीला चहाला पिटाळलं. सरांना वाटलं होतं सुरुवात कठीण जाईल. गेली नाही, कारण त्यांनी शिकवलेलं सगळं विसरून एकदम शेवटापासून सुरुवात केली: बाई, ते शेवटचं वाक्य माझं. तुम्ही लिहिलं नव्हतं, मी घातलं. तुरीतला एक खडा तिला दिसला, तो तिनं उचलून अंगणात टाकला.

"मला ठावं न्हाई का," ती म्हणाली. "मला लिव्हता येतं. काय लिव्हलतं ते बी ध्यानात हाय."

मग बोलला का नाहीत, असं सरांनी विचारलं आणि विचारताक्षणी कळलं की हा प्रश्न विचारायचा हक्क आपल्याला नाही. पण तिनं राग मानला नाही. सांगितलं, तुटक तुटक, मधून सूप हलवत. तवाच्या पाळकसाहेबांनी वाचलं, समदे रडायला लागले. सासू गळ्यात पडली. दोन लेकांपैकी एक मातीत आणि एक दाराबाहेर, अशा म्हातारीला एक तरी परत मिळाला होता. त्यात पुस्तकात छापलेलं नाव, आयुष्यात पहिल्यांदा. आता उभं राहून हे खोटं हाय म्हणायचं, तर पहिली खोटी मीच ठरणार. शिवाय वाटलं, सर शिकलेले हायत, देवाचं मासिक काढतात, त्यांना वरून काही कळलं असंल. आपल्याला न कळलेलं. म्हणून बघितलं करून.

"लई बघितलं, सर. येकांद्या बारी वाटायचं, झालं. आतून निवल्यावानी व्हायचं. मंग तुमचं वाक्य आठवायचं, आन् वाटायचं, हे माझं हाय का सरांचं? की पुन्ना समदं गढूळ." तिनं सूप बाजूला सारलं. "क्षमा करायची ती माझी बारी व्हती. ती तुमी घेतली. तवा तुमचं कोन मेलतं?"

तेव्हा सरांचं कुणीच मेलं नव्हतं. आई होती, वडील होते. ते वाक्य लिहिलं त्या दुपारी वडील आतल्या खोलीत पोटाच्या गोळ्यांवरून आईशी वाद घालत होते आणि त्या आवाजाचा सरांना व्यत्यय झाला होता. त्यांनी तसं सांगितलं. कुणी नाही. भिवराबाईनं मान हलवली, हिशेब जुळल्यासारखी. मग तिनं ती अकरा पानं मागितली. एवढंच मागितलं. सरांना म्हणता आलं असतं की आलेलं साहित्य परत पाठवलं जात नाही, प्रत स्वतःजवळ ठेवावी, हे दर अंकाच्या दुसऱ्या पानावर छापलेलं असतं. पानं त्या वर्षीच्या पावसाळ्याआधी इतर रद्दीबरोबर गेली होती. तेव्हा सुतळीनं गठ्ठा बांधताना वरच्या पानावरचं निळं अक्षर दिसलं होतं, हेही त्यांना आता आठवलं, आठवायला नको होतं. नाहीत, म्हणाले. तांब्याचं मात्र आठवतंय. पाणी त्याचं त्यानं घ्यायचं. ते मी काढलं, बाई, आणि त्या अख्ख्या अंकात तेवढंच खरं होतं. वर्षाराणी चहाचे कप घेऊन दारात थांबली होती. भिवराबाई पहिल्यांदा सरांकडे सरळ बघत म्हणाली, आजून बी न्हाई देत. येतो नाताळाला, खातो, उठून घेतो.

सरांनी विचारलं, काय करू? आयुष्यभर दुसऱ्यांनी हा प्रश्न त्यांना विचारला होता, आणि विचारताना आवाज असा होतो हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, वाचलं मोठ्यानं व्हतं, तर सांगायचं बी मोठ्यानं. आन् सांगाल तेवढंच सांगा, वर काय घालू नका.

त्या दिवशीची जीप गेली. पाळकसाहेबांच्या घरी सरांनी मुक्काम केला आणि त्यांना सगळं सांगितलं. पाळकसाहेब सत्तावीस वर्षांचे, सेमिनरीत असल्या प्रकरणाचा धडा नव्हता. ते म्हणाले, आपण प्रार्थना करू. केली. सकाळच्या उपासनेत सूचना वाचून झाल्यावर, म्हणजे बुधवारची कुटुंब-प्रार्थना, चर्चच्या पत्र्याची डागडुजी, गवंड्याच्या मुलीचं लग्न यांच्यानंतर, सर उभे राहिले. समोर फळा तिथंच होता. कुणीतरी त्यावरचं कालचं सगळं पुसून वचन लिहिलं होतं. त्यांच्याजवळ तयार केलेलं भाषण होतं, पहाटे केलेलं, तीन परिच्छेदांचं. पहिल्या परिच्छेदात लेखकाच्या जबाबदारीविषयी काही बरे विचार होते. उभं राहिल्यावर त्यांनी तो सोडला. दुसरा सोडला. म्हणाले, भिवराबाईंच्या साक्षीतलं शेवटचं वाक्य मी लिहिलं. त्यांनी ते लिहिलं नव्हतं. त्यांना न विचारता मी ते छापलं, आणि ते खोटं होतं. पुढच्या अंकात हे छापीन. मी तुमचा आणि त्यांचा अपराधी आहे. एवढं बोलून खाली बसताना त्यांच्या मनात आलं की 'अपराधी आहे' या वाक्याची लय चांगली साधली. असं मनात येणाऱ्या माणसाचं काय करायचं असतं, याविषयी त्यांच्या सदरात कधी काही आलं नव्हतं.

एका बाईच्या मांडीवरचं पोर रडायला लागलं, तिनं त्याला पाजायला घेतलं. पाळकसाहेबांनी घाईनं गीताचा आकडा सांगितला, बाजाची पेटी वाजली, आणि दाराशी बसलेल्या माणसांनी सवयीनं पाय आखडले. भिवराबाई उठली. दाराकडे न बघता ती पुढं गेली, वाळकी, ताठ, पदर दोन्ही हातांनी धरलेला, आणि मेजापुढं गुडघ्यावर बसली. तिच्या मागं वर्षाराणी. पाळकसाहेबांनी ताटली पुढं धरली. भिवराबाईनं भाकरीचा तुकडा घेतला, छोटा प्याला घेतला, आणि पिताना डोळे मिटले नाहीत. सरांना वाटलं, आता आपल्याला हलकं वाटेल. त्यांनी वाट पाहिली. तेवढ्यात पुरुषांच्या बाजूला सतरंजीवर काही हललं. उत्तरेश्वर उठला होता. टोपी हातात घेऊन, आखडलेल्या पायांमधून वाट काढत तो दारातून बाहेर गेला. कुणी त्याला जा म्हटलं नव्हतं. नियम त्याला पाठ होता.

सर मेजापाशी गेले नाहीत. थोडं थांबून तेही बाहेर आले. उत्तरेश्वर पायरीवर बसला होता, समोर वहाणांचा ढीग, पलीकडं वाळत घातलेली ज्वारी, तिच्यावर चिमण्या. सर त्याच्या शेजारी बसले. म्हणाले, उत्तरेश्वर, माझं चुकलं. त्यानं ज्वारीवरच्या एका चिमणीला हात हलवून हाकललं, ती उडून दोन हातांवर जाऊन बसली.

"अंक आला त्या दिशी म्या बाटली सोडली, सर," तो म्हणाला. "वैनीनं माफ केलं म्हनून. लोक म्हनायचे, दारू सुटायची दवा घे, दवाखान्यात भरती हो. काय लागलं न्हाई. रोज सकाळी उठून ती येक वळ वाचायची आन् दिवस काढायचा. एकोनीस वर्षं." त्यानं टोपी गुडघ्यावर ठेवली, तिची घडी नीट केली. "वैनीचं बरूबर हाय. तिनं जावं आत. पर सर, तुमी समद्यांला सांगता की, कसं करायचं, काय करायचं. आता उद्या सकाळी उठून म्या काय वाचू, ते बी सांगा."

सरांनी चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला, परत घातला. उत्तरेश्वर उत्तरासाठी थांबला होता, खोटं नाटक नाही, खरोखर थांबला होता. शिबिराला आलेली माणसं थांबतात तसा, मान थोडी पुढं काढून. आत शेवटचं गीत सुरू झालं होतं, आणि त्याला अजून पाच कडवी होती.